तारीखपट्टीवरचे शिक्के

ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीखपट्टी, म्हणजे पुस्तक घरी नेताना दर वेळी तारखेचा शिक्का मारायचा कागद, पाहिली, तर त्या पुस्तकाचे आयुष्य कसे गेले ते कळते. एखाद्या कादंबरीच्या पट्टीवर शिक्क्यांची दाटी असते आणि जागा संपल्यामुळे जुन्या पट्टीवर नवी डकवलेली असते. शेजारच्याच जाडजूड ग्रंथावर मात्र दोन शिक्के पडलेले असतात आणि पुढे पट्टी कोरी राहिलेली असते. देवघेव संगणकावर गेल्यापासून शिक्के दिसेनासे झाले, पण ती माहिती आता यंत्रात अधिक नेटकेपणाने साठत असते. ती उघडून पाहणारे मात्र थोडे असतात.

औद्योगिक अभियांत्रिकीचे अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड ट्रूझवेल यांनी १९६०च्या दशकात याच शिक्क्यांकडे गणिती नजरेने पाहिले. त्यांची युक्ती साधी होती. आज बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावरचा आधीचा शिक्का कधीचा आहे, एवढेच टिपायचे. समजा, शंभरातल्या ९९ पुस्तकांवर आधीचा शिक्का गेल्या आठ वर्षांतला निघाला, तर आठ वर्षे जागची न हललेली सारी पुस्तके मिळून जेमतेम एक टक्का मागणी भागवतात, असा त्याचा अर्थ होतो. अशी पुस्तके दर्शनी कपाटांतून मागच्या खोलीत हलवली, तरी वाचकांची फारशी गैरसोय होत नाही. सुमारे ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के पुस्तकांवरच चालते, हे १९६९ साली त्यांनीच मांडले.

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर अनेक ग्रंथपालांना झोंबला. १९६९ या एका वर्षात दाखल झालेल्या ३६,८९२ पुस्तकांपैकी ३९.८ टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेली नव्हती. त्यावरून सुमारे चाळीस टक्के खरेदी वाया गेली असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल, कारण शब्दकोश किंवा जिल्ह्याचे गॅझेटियर कोणी घरी नेत नाही, ते टेबलावरच चाळले जाते. म्हणून वाचनकक्षात ‘पुस्तके परत कपाटात ठेवू नयेत’ अशी पाटी लावून संध्याकाळी टेबलांवर उरलेल्या पुस्तकांची नोंद घेण्याची पद्धत आहे. ती कंटाळवाणी आहे खरी, पण तिच्यावाचून चित्र अर्धेच राहते.

आपल्याकडे १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे मोजणीची सवय गावोगावच्या ग्रंथालयांना लागलेली आहे. अ, ब, क, ड हा वर्ग आणि त्यानुसार मिळणारे अनुदान ठरताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी नियतकालिके यांचा हिशेब होतो. हे आकडे ग्रंथालयाजवळ काय आहे ते सांगतात. त्याचा उपयोग किती झाला, हे त्यांतून कळत नाही. शिवाय ग्रंथसंख्या घटण्याची धास्ती असली, की फाटकी आणि कालबाह्य पुस्तके बाद करायला कोण धजावेल? उलट टोकाचे उदाहरण अभ्यासिकांचे आहे. स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून खुर्च्या अडवून बसतात, पण पुस्तके स्वतःची आणतात. त्यामुळे देवघेवीचा आलेख घसरत असतानाच ग्रंथालय गच्च भरलेले असू शकते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती न मिळालेल्या पुस्तकांची मोजणी. वाचक विशिष्ट पुस्तक हवे म्हणून येतो आणि हात हलवत परत जातो, ही घटना कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. ग्रंथालयांचे अमेरिकी अभ्यासक पॉल कँटर यांनी १९७०च्या दशकात या अपयशाची टप्प्यांत फोड केली. पुस्तक मुळात खरेदी केलेले असावे लागते, ते दुसऱ्या वाचकाकडे गेलेले नसावे लागते, ते ठरल्या जागी लावलेले असावे लागते आणि वाचकालाही ते शोधता यावे लागते. समजा, या टप्प्यांवरचे यश अनुक्रमे ९०, ८०, ९० आणि ९० टक्के आहे. प्रत्येक आकडा एकटा पाहिला तर समाधान वाटावे असाच आहे, पण शक्यतांचा गुणाकार होतो आणि हाती ५८ टक्केच उरतात, म्हणजे दहातले चार वाचक रिकाम्या हाताने परततात. कोणता टप्पा अधिक गळका आहे हे कळले की उपायही वेगळा निघतो: कुठे जादा प्रती घ्याव्या लागतात, तर कुठे कपाटे नुसती नीट लावली तरी भागते.

निधी मागताना आकडे वेगळ्या भाषेत मांडावे लागतात. ब्रिटिश लायब्ररीने २००४ साली, ही सेवा टिकवण्यासाठी तुम्ही किती पैसे मोजाल अशा प्रकारचे प्रश्न लोकांना विचारून, सरकारी खर्चाच्या प्रत्येक पौंडामागे ४.४० पौंडांचे मूल्य निर्माण होते असा हिशेब मांडला. असे हिशेब गृहीतकांवर उभे असतात, त्यामुळे ते थोडे हातचे राखूनच वाचावेत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने दंडाचा केलेला हिशेब मला अधिक पटतो. दंड दहा डॉलरांवर गेला की सभासदाचे कार्ड बंद पडत असे. शाखावार आकडे मांडल्यावर दिसले, की पुस्तक परत करायला उशीर श्रीमंत वस्तीतही होतो आणि गरीब वस्तीतही, जवळपास सारखाच. पण बंद पडलेली कार्डे गरीब वस्त्यांतल्या शाखांत कितीतरी जास्त होती. दंडाची एकूण वसुली तर ग्रंथालयाच्या खर्चाच्या मानाने नगण्य निघाली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथला उशिराचा दंड रद्द झाला आणि जुनी थकबाकीही माफ झाली. पुढच्याच महिन्यात शिकागोनेही तसेच केले, तेव्हा वर्षानुवर्षे घरांत अडकून पडलेली पुस्तके लोक आपणहून परत आणून देऊ लागले.