शिवभोजन थाळी: दहाच्या नोटेमागचे चाळीस रुपये

पुण्यात कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळायची सोय शिवभोजन या राज्य सरकारच्या दहा रुपयांच्या थाळीच्या योजनेच्या कितीतरी आधीची आहे. सत्तरच्या दशकात इथल्या हमालांच्या संघटनेने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. ना नफा ना तोटा, अनुदानाचा टेकू नाही, आणि तरी ती टिकली. अनुदानाच्या चर्चेत हे उदाहरण सोयीस्करपणे मागे पडते.

सरकार या क्षेत्रात ठळकपणे उतरले ते १९९५ मध्ये, एक रुपयात झुणका-भाकर देऊन. केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या. पुढे अनुदान बंद झाले, जागा मात्र राहिल्या. पाटी झुणका-भाकरीची आणि कढईत वडे, असे चित्र अनेक शहरांत दिसू लागले. जागांचे वाद कोर्टात गेले. त्यामुळे राज्यात पुन्हा असे काही करायला २०२० उजाडले. तोवर तमिळनाडूत २०१३ पासून आणि कर्नाटकात २०१७ पासून सरकारी उपाहारगृहे चालू झाली होती.

२६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झाले. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. या वेळी जागा वाटण्याऐवजी चालू खानावळी, महिला बचत गट आणि संस्था यांनाच केंद्रे दिली. झुणका-भाकरीच्या अनुभवातून धडा घेतला, असे म्हणायला हरकत नाही. थाळीचा दर शहरात ५० रुपये धरला: जेवणारा १० देणार, उरलेले ४० सरकार केंद्रचालकाला देणार. ग्रामीण भागात हाच हिशेब ३५ रुपयांचा.

दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि योजनेचा चेहराच बदलला. थाळी ५ रुपयांवर आली, पार्सल सुरू झाले. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ पासून, ती मोफत झाली आणि त्या ऑक्टोबरपासून पुन्हा १० रुपये. टीका झाली ती बहुतेक या दरावर: फुकट द्यावे का, फुकटाची सवय लागेल का, वगैरे. खरी अडचण दरात नव्हतीच. ती इष्टांकात होती, म्हणजे एका केंद्राने रोज जास्तीत जास्त किती थाळ्या द्यायच्या, या मर्यादेत. केंद्राला १०० थाळ्या मंजूर असतील, तर एकशे एकावा माणूस उपाशीच परत जाणार किंवा चालक पदरमोड करणार. सुरुवातीला वेळही दुपारी १२ ते २ एवढीच होती. पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून सकाळी काम धरून बाणेरच्या साइटवर गेलेला गवंडी त्या वेळेत केंद्रावर पोचणार कसा? रांगेत दिसत ते आसपासचे हमाल, रिक्षावाले, रुग्णाचे नातेवाईक. मोफत काळात इष्टांक दीडपट केला, म्हणजे मर्यादा तोकडी आहे हे सरकारने मान्यच केले.

इष्टांक आला की हजेरी आली. जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर चढवायचा, त्याशिवाय बिल नाही. बनावट थाळ्यांच्या तक्रारी आल्यावर सीसीटीव्हीही बंधनकारक झाले. पैसा सरकारचा, तेव्हा तपासणी हवीच. पण १० रुपयांच्या वरण-भातासाठी ताट हातात धरून कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, हे वयस्कर बायकांना नकोसे व्हायचे. लाखो रुपयांचे अनुदान उचलणाऱ्या कुणाचा असा रोज फोटो निघत नाही.

मुळात शिजवलेल्या अन्नाची गरज का, याचे उत्तर रेशनच्या नियमांत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘प्राधान्य’ गटातल्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य दिले. शहरात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार, म्हणजे महिन्याला ५ हजारही नाहीत. नियमित काम मिळणारा बिगारीही त्यात बसत नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे गावचे कार्ड आता पुण्यात चालते. पण साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत शेगडी नसेल, तर गव्हाचे करायचे काय?

केंद्रचालकांचे गाऱ्हाणे वेगळे. ४० रुपयांचा आकडा २०२० चा. डाळ, तेल, व्यावसायिक सिलिंडर तिथे थांबले नाहीत. त्यात बिले महिनोन्‌महिने थकतात. २०२५ मध्ये थकबाकीसाठी राज्यभरातल्या चालकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. किराणा दुकानदार उधारी किती दिवस ठेवणार, यावर काही केंद्रांचे शटर अवलंबून आहे.