हजारो चेहऱ्यांतला एक

ओसाकातल्या एखाद्या गजबजलेल्या स्टेशनाबाहेर साध्या कपड्यांतला एक पोलीस तासन् तास उभा असतो. कुणाची तरी वाट बघत असावा, असंच वाटतं. प्रत्यक्षात समोरून जाणारा एकेक चेहरा तो डोक्यात साठवलेल्या शेकडो फरारी आरोपींच्या फोटोंशी ताडून बघत असतो. त्यांच्यापैकी कुणालाच तो कधी भेटलेला नसतो. 'मिआतारी' नावाची ही पद्धत ओसाका पोलिसांनी १९७८ साली सुरू केली, नंतर ती जपानात इतरत्रही गेली.

फोटो पाहून माणूस हुडकायला असं काय लागतं, असं वाटेल. दहा वर्षांनी भेटणारा, दाढी वाढवलेला मामा आपल्याला लांबूनही कळतोच की! पण तो मामा असतो म्हणून. अनोळखी चेहऱ्याशी मेंदूचं तेवढं जमत नाही. रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या लोकांना ४० फोटो दिले आणि माणसागणिक वेगळे ढीग लावायला सांगितलं. फोटो दोनच डच स्त्रियांचे, प्रत्येकीचे वीस. लोकांनी साधारण सात-आठ ढीग लावले! त्या दोघींना टीव्हीवर पाहणाऱ्या डच लोकांनी मात्र बहुतेक बिनचूक दोनच लावले. ब्रिटिशांनी दोघींना एक मानण्याची चूक क्वचितच केली; एकीलाच अनेक बायका मानलं. स्टेशनाबाहेरच्या पोलिसाला नेमकी हीच चूक महागात पडते.

म्हणून हे पोलीस रोज फोटो पुन्हा पुन्हा बघतात. केस, वजन, चष्मा बदलतो, त्यामुळे भर डोळ्यांवर आणि कानांवर. परक्याला ओळखीचा करून घ्यायची ही खटपट मला तरी शास्त्राला धरून वाटते.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. हवा तो चेहरा हजारोंत एखादा, आणि क्वचित दिसणारी गोष्ट समोर असूनही नजरेतून निसटते. जेरेमी वुल्फ यांच्या २००५ सालच्या प्रयोगात लोकांना सामानाच्या चित्रांत विशिष्ट वस्तू शोधायच्या होत्या. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा सुटली; शंभरात एकाच चित्रात होती तेव्हा तब्बल ३० टक्के वेळा. डोळे तेच, पण 'नाहीच' म्हणायची घाई वाढलेली.

सातोशी किरिशिमाचं उदाहरण बोलकं आहे. १९७५ च्या बॉम्बस्फोट प्रकरणातला हा आरोपी. लांब केस, चष्मा, हसरा चेहरा, असा त्याचा फोटो जपानभर पोलीस चौक्यांवर अनेक दशकं झळकत होता. तो टोकियोजवळच्या फुजिसावात दुसऱ्याच नावाने राहत होता. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या सत्तरीत, कर्करोगाने रुग्णालयात असताना त्याने स्वतःच खरं नाव सांगितलं. काही दिवसांत तो वारला. हा तोच, याची खात्री करायला पोलिसांना नातेवाइकांच्या डीएनएशी त्याचा डीएनए जुळवून बघावा लागला.