कार्यालयीन संगणकांचे सुरक्षा अद्यतन

संगणकप्रणालीत सापडलेली सुरक्षेची फट बुजवण्यासाठी निर्मात्या कंपनीने दिलेली दुरुस्ती म्हणजे सुरक्षा अद्यतन. रोजच्या बोलण्यात ‘अपडेट’, आयटीवाल्यांच्या तोंडी ‘पॅच’. पॅच म्हणजे ठिगळ, आणि हा शब्द मुळात अगदी शब्दशः होता. प्रोग्राम कागदी फितीवर छिद्रे पाडून साठवले जात, तेव्हा चुकीच्या छिद्रावर खरोखरच कागदाचा तुकडा डकवत. कार्यालयातील सर्व यंत्रांवर ही ठिगळे वेळच्या वेळी लागतील असे पाहणे, हे तिथल्या आयटी विभागाचे काम.

‘वेळच्या वेळी’ला इथे विशेष अर्थ आहे. ठिगळ जाहीर झाले की फट कुठे होती हेही जाहीर होते. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदलले ते तपासले, की हल्लेखोराला नेमकी जागा सापडते. त्यामुळे ज्याने अपडेट घेतले नाही, तो आदल्या दिवसापेक्षा अधिक धोक्यात असतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण २०१७ सालचे. विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीतील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्ती दिली. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने त्याच दोषावर चालणारे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार इंटरनेटवर उघड केले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला. फाइली कुलूपबंद करून ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागणाऱ्या या खंडणीखोर प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक गाठले. दुरुस्ती हाती येऊन तेव्हा ५९ दिवस झाले होते.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांना, म्हणजे रुग्णालये वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, त्याची झळ बसली, रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या आणि काही ठिकाणच्या रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. अपडेट लावून घ्या, असा इशारा तिथल्या रुग्णालयांना मार्च-एप्रिलमध्येच गेला होता. तेव्हा सगळा दोष विंडोज एक्सपी या अपडेट मिळणे थांबलेल्या जुन्या आवृत्तीवर ढकलला गेला, तो फारसा खरा नाही. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांना अपडेट मिळत होते, पण लावलेले नव्हते अशी.

दीड महिन्याने, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ हा दुसरा घातक प्रोग्राम आला आणि त्याचा फटका थेट उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराला बसला. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले, आणि तिच्या समूहाकडे असलेल्या या बंदरातील एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज थांबले. कंटेनरची कामे हाताने करायची वेळ आली. या प्रकरणाला एक विचित्र बाजू आहे. नॉटपेट्याने पहिला शिरकाव केला तो युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. आत आल्यावर तो इटर्नलब्लू वापरी, शिवाय एका यंत्राच्या स्मृतीतून पासवर्ड उचलून शेजारच्या यंत्रावर जाई. त्यामुळे ज्यांवर मार्चचे अपडेट लावलेले होते, ती यंत्रेही त्याच्या तावडीत सापडली. एकाच कार्यालयातील मागे राहिलेला एक संगणक सगळ्यांना महागात पडतो तो असा.

अपडेटला घाबरण्याचे कारण मात्र अगदीच खोटे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली आणि भारतातही प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. म्हणून जाणते आयटी विभाग अपडेट आधी स्वतःच्या चार-पाच यंत्रांवर, मग एखाद्या विभागात आणि नंतर सर्वत्र सोडतात. या पायऱ्यांना किती दिवस द्यायचे, यावरच खरा वाद असतो. ब्रिटनच्या ‘सायबर इसेन्शियल्स’ या सरकारी प्रमाणपत्रासाठी गंभीर दोषांना १४ दिवसांची मुदत आहे. भारतात अशा दोषांच्या सूचना ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था प्रसिद्ध करते.

मायक्रोसॉफ्ट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट देते. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपल्याकडील रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे इथल्या कार्यालयांसाठी हा मंगळवार बुधवारी सकाळी उगवतो: कोपऱ्यात ‘रीस्टार्ट करा’ची चौकट येते, जीएसटीचे विवरणपत्र अर्धे भरलेले असते, आणि ‘नंतर आठवण करा’ दाबले जाते. काम अडलेल्या माणसाने दुसरे काय करावे? रीस्टार्टची वेळ जेवणाच्या सुट्टीत किंवा कार्यालय सुटल्यावर ठरवून देणे हे आयटी विभागाचे काम आहे, लेखनिकाचे नव्हे.

‘मी तर रोज संध्याकाळी मशीन बंद करतो’ हे उत्तरही नेहमीचे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. पूर्ण रीस्टार्टवर अवलंबून असलेली अपडेट तशीच खोळंबून राहतात. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज बंद होणाऱ्या अशा यंत्राचाही तो कधी कधी वीस-वीस दिवसांचा निघतो.