त्या एका तासाची हवा

मोजणीच्या अहवालात हवा ‘मर्यादेत’ असते आणि कारखान्याशेजारच्या वस्तीत रात्री डोळे चुरचुरतात, घसा धरतो. दोन्ही खरे असू शकते. एखादा वायू तासभर घनमीटरमागे २४० मायक्रोग्रॅम राहिला आणि उरलेले २३ तास शून्य, तर २४ तासांची सरासरी भरते अवघी १०. छातीत मात्र २४०च गेलेले असतात.

म्हणून नमुना त्याच तासाचा हवा. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या लोकांसाठी वकील एडवर्ड मॅस्री यांनी एका अभियंत्याकडून त्यासाठी स्वस्त साधन करून घेतले. सुमारे १९ लिटरची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बादली, आत टेडलार या खास प्लास्टिकची पिशवी, पिशवीची नळी झाकणातून बाहेर. पंपाने हवा ओढायची ती पिशवीतली नव्हे, बादलीतली. बादलीतला दाब उतरला की बाहेरची हवा नळीवाटे पिशवीत शिरते. नमुना पंपाला शिवतच नाही, म्हणून पंपाचे तेल किंवा रबर त्यात मिसळत नाही.

पिशवी फुगत नसेल तर आधी झाकणाची कड तपासा. गळती बहुधा तिथेच असते. पिशवी तट्ट भरू नका, उन्हात ठेवू नका. जवळ सिगारेट, चालू गाडी किंवा ताजा रंग असेल तर नमुना वाया गेला. गंधकाची संयुगे पिशवीत टिकत नाहीत, ती २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवीत. फिनॉल हे रसायन खुद्द पिशवीतूनही सुटते, त्यामुळे केवळ त्याच्या आधारे आरोप करू नये. त्याच दिवशी कारखान्याच्या ज्या बाजूने वारा येतो तिकडचाही नमुना घेतला, तर ‘हे रस्त्यावरच्या वाहनांचे’ या युक्तिवादाला उत्तर तयार राहते.

नाकावर भिस्त ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग असला तरी सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाखांत १०० भागांच्या आसपास मात्र नाक बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, हा समज जीवघेणा आहे. बेंझीन या विषारी रसायनाचा तर वास येण्याच्या कितीतरी आधी धोका सुरू होतो.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या नॉर्को गावच्या डायमंड वस्तीने मार्गी रिचर्ड यांच्या पुढाकाराने असेच नमुने गोळा केले. २००२ मध्ये शेल या तेल कंपनीने तिथल्या रहिवाशांना घरे विकत घेऊन हलवण्याचे मान्य केले. २०१५ च्या नियमाने अमेरिकेतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणावर बेंझीन मोजणे बंधनकारक झाले. पण त्यासाठीच्या, बेंझीन शोषून घेणाऱ्या नळ्या १४ दिवस लावलेल्या असतात आणि एका रात्रीची गळती पुन्हा सरासरीत बुडते. वेळ, वाऱ्याची दिशा आणि त्रास रोज टिपणारी वही तिथेही लागतेच.