हर की दून: निघण्याआधी एवढे वाचून घ्या

आमच्या हर की दून ट्रेकचे पैसे भरून झाले, तिकिटे निघाली, की फोनवर पहिला प्रश्न हमखास येतो: "समिट किती फुटांवर आहे?" हर की दूनला समिट नाही. ही दरी आहे. 'हर' म्हणजे महादेव आणि 'दून' म्हणजे खोरे. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, सुपिन नदीच्या कडेकडेने आणि नांदत्या गावांमधून चालत सुमारे ३,५०० मीटरवरच्या कुरणात पोचायचे. समोर सहा हजार मीटरच्या वरची स्वर्गारोहिणी उभी असते. तिच्यावर चढायचे नसते, बघत बसायचे असते. शिखरावर झेंडा धरलेला फोटो हवाच असेल तर आत्ताच सांगा, सांकरी या पायथ्याच्या गावाहूनच केदारकांठा शिखराची वेगळी बॅच निघते.

पोचण्याबद्दल

डेहराडूनला आमची गाडी सकाळी ६ वाजता निघते. मसुरी, नैनबाग, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड आणि मग सांकरी. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण अख्खा दिवस जातो. घाट संपता संपत नाहीत, तेव्हा गाडी लागणाऱ्यांनी गोळी मसुरीच्या आधी घ्यावी, उलटी झाल्यावर नव्हे. रोख पैसे डेहराडूनलाच काढा, राहिलेच तर पुरोल्यात. पुढे एटीएमचा आणि मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका. घरच्यांना तसे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आमचा ऑफिसचा फोन रात्रभर वाजतो.

नैटवाडला पाच मिनिटे उतरू. इथे रुपिन आणि सुपिन एकत्र येऊन टोन्स होते. हीच टोन्स पुढे यमुनेला मिळते, आणि संगमावर खुद्द यमुनेपेक्षा हिचेच पाणी जास्त असते. जवळच पोखू देवतेचे देऊळ आहे. हा न्यायाचा देव, आणि इतका कडक की भक्त त्याच्याकडे पाठ करून हात जोडतात.

सांकरीहून जीपने तालुक्याला जायचे. दरवेळी कोणीतरी विचारतेच, "कुठल्या तालुक्याला?" तालुका हे गावाचेच नाव आहे. तहसील कचेरी शोधू नका.

उंचीबद्दल (हे दोनदा वाचा)

कळसूबाई १,६४६ मीटर. सांकरीत गाडीतून पाय खाली टाकता तेव्हाच तुम्ही तिच्यापेक्षा तीनशे मीटर वर असता. आमचे अनुभवी सह्याद्रीकर इथेच फसतात. एका दिवसात चढून, पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी घरी, ही सवय. हिमालयात प्रश्न किती चढलात याचा नसून रात्री किती उंचीवर झोपलात याचा असतो. साडेतीन हजार मीटरवर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही द्यावाच लागतो.

एका वर्षी ग्रुपच्या आग्रहाखातर आम्ही एक दिवस कापला होता. वरच्या कॅम्पवर पहिल्याच रात्री तिघांना डोकेदुखी आणि उलट्या. त्यातला एक मॅरेथॉन धावणारा. पहाटे कंदील घेऊन खाली आणावे लागले, आणि खाली येताच तो पोहे मागायला लागला. चूक आमची होती. तेव्हापासून वाटेवरच्या ओसला गावाच्या परिसरात दोन रात्री काढल्याशिवाय आम्ही वर जात नाही, आणि यावर घासाघीस करत नाही.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे यातले काही वाटले तर लगेच लीडरला सांगा. "बाकीच्यांना त्रास नको" म्हणून लपवणारा माणूसच सगळ्यांना जास्त त्रास देतो. सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वेळ कुठलीही असो, खाली उतरायचे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

गावांबद्दल

गंगाड, ओसला ही गावे वाटेवरची प्रेक्षणीय स्थळे नव्हेत, लोकांची घरे आहेत. देवदाराचे लाकूड आणि दगड यांचे थरावर थर रचून बांधलेली. खाली गुरे, वर माणसे. कोरीव खांबांना हात लावावासा वाटतो, विचारून लावा. बिडी-सिगारेट मात्र गावात अजिबात नाही. शेजारी-शेजारी लाकडी घरे आणि पेंढा, एक ठिणगी पुरते.

ओसलाच्या देवळाला बाहेरचे लोक दुर्योधनाचे देऊळ म्हणतात. गावात तसे म्हणू नका. ते सोमेश्वराचे देऊळ आहे. देवाची पालखी गावोगावी फिरते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवा, आणि थांबा म्हणाले तिथे थांबा.

वाटेत ओढ्यावर छोटी दगडी खोपी दिसेल, ती घराट, म्हणजे पाणचक्की. आत वाकून बघा. वर टांगलेल्या टोपलीला बांधलेली एक काडी फिरत्या दगडावर टकटकत असते आणि त्या धक्क्याने दाणे जात्यात पडतात. पाणी जोरात आले की दगड जोरात, काडी जोरात, दाणेही जास्त. कोणी लक्ष ठेवावे लागत नाही.

जेवण गावातल्या घरी असते: राजमा, भात, मंडव्याची म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी, कधी गहत म्हणजे कुळीथ. सोबत पाट्यावर लसूण-मिरची घालून वाटलेले मीठ येते, 'पिस्यूं लूण'. ठेचा आवडणाऱ्यांनी काकडीला लावून खावे. ऑक्टोबरात येणाऱ्यांना डोंगरउतारावर लालभडक शेते दिसतील. तो उपासाच्या लाडवातला राजगिराच. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्यांना त्याऐवजी बुरांशची म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची फुले आणि वरच्या टप्प्यात थोडे बर्फ. पावसाळ्यात आम्ही बॅच काढत नाही, दरडी कोसळतात.

मुलांना चॉकलेटे वाटू नका. रॅपर तिथेच पडतात आणि पुढच्या ग्रुपमागे मुले हात पसरून धावतात. काही द्यायचेच असेल तर घरातल्या आजींकडून अर्धा किलो राजमा रोखीने विकत घ्या. भाव करू नका.

सामान

पाठीवर ९ किलोंच्या वर नको, बाकीचे खेचरावर. लोकरी टोपी, पातळ कपड्यांचे तीन थर, पावसाचे जाकीट, टॉर्च, दोन बाटल्या. डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि आधार कार्डाची प्रत निघण्याच्या १५ दिवस आधी आमच्याकडे हवी. आणि कृपा करून नवे कोरे बूट घालून येऊ नका. ते महिनाभर घरच्या जिन्यावर, बाजारात, जवळच्या टेकडीवर वापरून मगच आणा. तालुक्याच्या पुढे पहिल्या तासाभरातच टाचेला फोड येतो, आणि पुढचे पाच दिवस आमच्या लीडरला तुमच्या पायाला पट्ट्या चिकटवत बसावे लागते.