भुताचा झगा कशाचा शिवायचा?

ऑक्टोबर संपत आला की बेळगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आणि टिळकवाडीच्या अपार्टमेंटमधून हॅलोविनचे निरोप यायला लागतात. ३१ तारखेला मुलांना भूत, चेटकीण, वटवाघूळ असं काहीतरी करून पाठवा. सण मूळचा आयर्लंडकडच्या केल्टिक लोकांचा. भोपळा कोरून त्यात मेणबत्ती ठेवण्याची रीत पुढे अमेरिकेत रुजली. तो आपण करावा की करू नये, या वादात मला पडायचं नाही. पोरांना सोंग घ्यायला आवडतं, आणि शिवजयंतीच्या चित्ररथांवर आपली पोरं पिढ्यान्‌पिढ्या सोंगं घेत आली आहेत. मी लिहायला बसलोय ते या निरोपांखाली हमखास दिसणाऱ्या एका सल्ल्यामुळे. बाजारातला नायलॉनचा झगा पेटला तर, असं कुणी विचारलं की उत्तर येतं, ‘घरीच सुती कापडाचा शिवा, सुतीला काही होत नाही.’

सुतीला होतं. पातळ सुती कापड पॉलिएस्टरपेक्षा लवकर पेट घेतं. आणि आपल्याकडे हा धोका दुप्पट आहे, कारण हॅलोविन बहुतेक वेळा दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. उंबऱ्यावर, जिन्यात, तुळशीजवळ पणत्या, आणि त्या सगळ्या मुलांच्या झग्याच्या घेराच्या उंचीवर.

कापड जळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा नीट पाहू. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. ही साखळी स्वतः कधीच जळत नाही. ज्योत जवळ आली की आधी धाग्यातली ओल उडून जाते. कापसात ती वजनाच्या सात-आठ टक्के असते. तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की साखळी तुटायला लागते, आणि इथे तिच्यापुढे दोन वाटा असतात. पहिल्या वाटेने गेली तर तिच्यातलं पाणी निघून जातं आणि मागे काळा कोळसा उरतो. हा कोळसा ज्योतीला फारसं काही देत नाही. दुसऱ्या वाटेने गेली तर कड्या एकेक करून सुटतात, लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्यातून ज्वलनशील वायू निघतात. जळतो तो हा वायू, हवेतल्या ऑक्सिजनमध्ये मिसळून, कापडापासून किंचित अंतरावर. त्या ज्वाळेची उष्णता परत कापडावर येते, आणखी साखळ्या तुटतात, आणखी वायू निघतो. हे चक्र एकदा सुरू झालं की काडी बाजूला घेतली तरी चालूच राहतं. हळूहळू तापवलं तर पहिली वाट जास्त धरली जाते, झटकन तापवलं तर दुसरी.

म्हणून खरा प्रश्न असा की कापड किती झटकन तापतं. याचा हिशेब शाळेतल्या विशिष्ट उष्णतेच्या सूत्राने करता येतो. मलमलीचं वजन चौरस मीटरला साधारण ६० ग्रॅम, जीन्सच्या कापडाचं ४०० ग्रॅम. कापसाची विशिष्ट उष्णता ग्रॅममागे दर अंशाला सुमारे १.३ ज्यूल. ३० अंशांवरून ३५० अंशांपर्यंत न्यायचं तर मलमलीच्या एका चौरस सेंटिमीटरला अडीच ज्यूल पुरतात, जीन्सच्या कापडाला साडेसोळा लागतात. ज्योतीकडून तेवढ्या जागेला सेकंदाला ४ ज्यूल मिळतात असं धरलं, तर मलमल सेकंदाच्या आत पेटते आणि जीन्सला चार सेकंद लागतात. इकडेतिकडे जाणारी उष्णता मी सोडून दिली आहे, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील, पण गुणोत्तर हेच राहील. चार सेकंदांत मूल पाय मागे घेतं. अर्ध्या सेकंदात त्याला कळतसुद्धा नाही. दोन्ही कापडं शंभर टक्के सुतीच आहेत, हे लक्षात घ्या.

पेटल्यावर ज्वाळा वर चढते आणि वरचं कापड आधीच तापवून ठेवते. युरोपात असे पोशाख खेळण्यांत धरले जातात, आणि तिथल्या खेळण्यांच्या मानकात ज्वाळेचा वेग सेकंदाला ३० मिलिमीटरपर्यंत असलेला चालतो. म्हणजे मानकात बसणाऱ्या पोशाखातही घोट्याजवळची आग ९० सेंटिमीटरवरच्या गळ्यापर्यंत अर्ध्या मिनिटात पोचू शकते. ब्रिटनमध्ये २०१४ च्या हॅलोविनला एका लहान मुलीचा पोशाख मेणबत्तीने पेटला आणि ती गंभीर भाजली. त्यानंतर तिथे या मर्यादेवर बरीच चर्चा झाली.

पॉलिएस्टरचं वागणं वेगळं. ते ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं आणि २५० अंशांच्या पुढे वितळून ठिबकतं. वितळलेला थेंब कातडीला चिकटला की जखम खोल होते. पण मला सगळ्यात जास्त भीती टेरीकॉटची, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाची वाटते. त्यातला सुती धागा समईतल्या वातीसारखा उभा राहतो आणि वितळलेलं पॉलिएस्टर त्याला तेल पुरवतं. ठिबकून सुटून जाण्याची पॉलिएस्टरची सोयही मग उरत नाही.

आता घोंगडी घ्या. एखादी वस्तू जळत राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, हे प्रयोगशाळेत मोजतात. कापसाला १८ टक्के पुरतो, लोकरीला २५ च्या आसपास लागतो, आणि आपल्या हवेत आहे २१. ज्योत काढली की लोकर बहुधा आपोआप विझते, ती याचमुळे. लोकर म्हणजे प्रथिन. त्यात नायट्रोजन भरपूर असतो, ओल कापसाच्या दुप्पट धरलेली असते, आणि पेटायला तिला ५७० अंशांच्या पुढे जावं लागतं. अथणी-चिकोडीकडच्या धनगरांची दख्खनी मेंढीच्या लोकरीची जुनी घोंगडी घरात पडून असेल, तर अस्वल, लांडगा किंवा वटवाघूळ करायला त्याहून चांगलं कापड बाजारात मिळणार नाही. टोचते, म्हणून आत जुन्या धोतराचं अस्तर लावावं.

कुठलं कापड काय आहे हे कळत नसेल तर मोठ्यांनी शिवणीच्या आतून एक धागा काढावा आणि चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर ज्योतीला लावावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि करडी, मऊ राख सोडतो. पॉलिएस्टरचा टोकाला काळा, कडक मणी होतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटात चुरगळते. वडगाव, खासबाग, शहापुरात मागांवरचे उरलेले तुकडे घ्यायला गेलात तर ही परीक्षा उपयोगी पडेल. मागावरचं सूत आता नेहमी सुतीच असतं असं नाही.

आगीचा आणि कपड्यांचा विषय निघाला की सीमाभागात भानामतीची गोष्ट निघतेच. दांडीवरचे कपडे आपोआप पेटले, मांत्रिकाला बोलवा. वर सांगितलं तसं, सुती कापडाला ३०० अंशांच्या वर न्यावं लागतं. दांडीवर ते आपोआप तिथवर जात नाही. पांढरा फॉस्फरस मात्र हवेत ३० अंशांच्या आसपासच पेट घेतो. कपडे पेटले असतील तर कुणाच्या तरी हाताने पेटले आहेत, आणि तो हात शोधायचं काम पोलिसांचं आहे. जादूटोण्याविरुद्ध कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे, त्याचा वापर करावा.

कापड आग न घेणारं करता येईल का? गॅस नियमामुळे पाठ्यपुस्तकात भेटणारा गे-ल्युसॅक यानेच १८२१ साली अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार (बोरॅक्स, म्हणजे बोरॉनचं संयुग) यांच्यावर हे काम केलं, नाट्यगृहांतल्या कापडांसाठी. फॉस्फेट सेल्युलोजला कोळशाच्या वाटेला लावतं. टाकणखार वितळून धाग्यावर काचेचा थर धरतो. रसायन म्हणून ही गोष्ट मला फार सुंदर वाटते, पण मुलांच्या कपड्यांवर ती करू नका. धुतल्यावर क्षार निघून जातो, आणि बोरॉनची संयुगं शरीरात जास्त गेली तर अपायकारक असतात.

त्यापेक्षा बेत बदलावा. झगा अंगाबरोबर, घोट्याच्या वर, बाह्या मनगटाला बसणाऱ्या. कापड आणि अंग यांच्यामध्ये मोकळी जागा असली की तिथून हवा वर खेचली जाते आणि आग भडकते. चेटकिणीच्या झग्याच्या कडा फाडून झिरमिळ्या करतात, त्या करू नयेत. कडा दुमडून टीप मारावी. पाठीला नाडीऐवजी वेल्क्रो किंवा टिचबटणं लावावीत, म्हणजे एका झटक्यात पोशाख अंगावेगळा होतो. गळ्याला नाडी नकोच. ससा किंवा सांताक्लॉज करताना डिंकाने कापूस चिकटवतात, ऋषीला तागाची दाढी लावतात. हे दोन्ही सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक तंतूला चारही बाजूंनी हवा मिळते. दाढी लोकरीच्या धाग्याची करावी. मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा, पायाखालचं दिसतं. कान आणि शिंगं जुन्या वर्तमानपत्रांचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून छान होतात. नंतर ती खतात जातात. चमकी लावू नये. ती प्लास्टिकची असते, गटारातून बळ्ळारी नाल्यात जाते आणि तिथे कुजत नाही. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री ऑक्टोबर २०२३ पासून थांबवली आहे.

रंगांच्या बाबतीत ‘पारंपरिक आहे, म्हणजे निर्धोक’ हा समज सोडून द्या. शेंदूर हा पारंपरिकच, आणि तो शिशाचं ऑक्साइड असतो. मारुती झालेल्या मुलाच्या तोंडाला तो कधीही लावू नये; शिसं वाढत्या मेंदूला घातक आहे. केशरी रंगासाठी खोबरेल तेलात घरची हळद आणि बीटाचा रस आटवून केलेली पूड, काळ्यासाठी काजळ न वापरता कोको पावडर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. भोपळ्यात आणि कंदिलात बॅटरीचे दिवे ठेवावेत, मात्र बटण सेलचं झाकण स्क्रूचं असेल असेच, कारण गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो.

एवढं करूनही कपडा पेटलाच, तर मुलाला पळू देऊ नका. खाली झोपवून लोळवा, हाताशी घोंगडी असेल तर तिने झाका. मग भाजलेल्या जागेवर नळाचं गार पाणी वीस मिनिटं सोडत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढू नका, ते दवाखान्यात काढतील. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.