उदरीय महारोहिणी विस्फार : आकारमानावर परिणाम करणारे घटक

मध्यपटल ओलांडून उदरात उतरलेल्या महारोहिणीचा (महाधमनीचा) एखादा भाग कायमचा फुगून रुंदावतो, त्यास उदरीय महारोहिणी विस्फार म्हणतात. रुग्णालयांत ‘अॅन्युरिझम’ हाच शब्द रूढ आहे. वृक्करोहिण्यांच्या (मूत्रपिंडांना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या) खाली प्रौढ व्यक्तीत या वाहिनीचा व्यास साधारणपणे २ सेंमी. असतो, तो ३ सेंमी. वा अधिक झाल्यास विस्फार झाला असे धरतात. अपेक्षित व्यासाच्या दीडपट वाढ, ही दुसरी कसोटी १९९१ मध्ये सुचविण्यात आली. लहान चणीच्या व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, ती अधिक न्याय देते. तथापि व्यवहारात सोयीमुळे ३ सेंमी.चा आकडाच टिकून राहिला.

जुन्या पाठ्यग्रंथांत वाढते वय, पुरुष असणे, धूम्रपान, उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि जवळच्या नात्यात हा विकार असणे, अशी एकच यादी दिलेली आढळते. ही यादी प्रामुख्याने विस्फार कोणास होतो याची आहे. झालेला विस्फार किती वेगाने वाढतो आणि तो केव्हा फुटतो, हे प्रश्न वेगळे असून त्यांची उत्तरेही पुष्कळ अंशी वेगळी आहेत. या तिन्हींची सरमिसळ झाल्याने बराच गोंधळ माजला.

मूळ कारणाविषयी मतभेद आहेत. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात हा रोहिणीविलेपी विकाराचाच (अॅथेरोस्क्लेरोसिसचा) एक परिणाम मानला जाई. विलेपी विकार वाहिनीच्या अंतःस्तरात सुरू होतो आणि पोकळी अरुंद करतो. विस्फारात मात्र मध्यस्तरातील इलॅस्टिनचे (लवचिकपणा देणाऱ्या प्रथिनाचे) तंतू नष्ट होतात व पोकळी रुंदावते. इलॅस्टिन प्रौढपणी जवळजवळ नव्याने तयार होत नाही. भित्तीत शिरलेल्या महाभक्षी कोशिका आणि मेटॅलोप्रोटिनेज गटातील एंझाइमे त्याचा व पुढे कोलॅजनाचा (बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा) ऱ्हास घडवितात. वृक्करोहिण्यांखालील भागात इलॅस्टिनचे थर मुळातच कमी असतात व भित्तीला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही विरळ असतात. विस्फार तेथेच अधिक का होतो याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण होय. दोन्ही विकार एकाच व्यक्तीत वारंवार आढळतात हे खरे, पण ते शेजारी असून एक दुसऱ्याचे कारण नसावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मधुमेह हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. त्याने विलेपी विकार बळावतो, परंतु मधुमेही व्यक्तींत विस्फार कमी आढळतो आणि आढळला तरी हळू वाढतो.

वाढीचा वेग ठरविणारा सर्वांत प्रभावी घटक म्हणजे विस्फाराचे त्या वेळचे आकारमान. लाप्लास यांच्या नियमानुसार भित्तीवरील ताण हा दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो; त्यामुळे वाहिनी जितकी रुंद, तितकी ती आणखी ताणली जाते. प्रत्यक्ष विस्फार नियमित नळीसारखा नसल्याने हा नियम येथे ढोबळ मार्गदर्शक म्हणूनच घ्यावा लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात ३ सेंमी. व्यासाचा विस्फार वर्षाला सरासरी सु. १.३ मिमी., तर ५ सेंमी.चा सु. ३.६ मिमी. वाढत असल्याचे दिसले. त्याच संशोधक गटाच्या आधीच्या, १८ अभ्यासांतील १५,००० हून अधिक व्यक्तींच्या विश्लेषणानुसार (२०१२) सरासरी वाढ वर्षाला सु. २.२ मिमी. असून चालू धूम्रपानामुळे तीत सु. ०.३५ मिमी. भर पडते आणि मधुमेहामुळे सु. ०.५ मिमी. घट होते. वय, लिंग व रक्तदाब यांचा वाढीशी स्पष्ट संबंध आढळला नाही. फुटण्याशी मात्र आढळला : स्त्रियांत हा धोका जवळजवळ चौपट, चालू धूम्रपान करणाऱ्यांत दुप्पट होता आणि रक्तदाबासोबतही तो वाढत गेला. धूम्रपान हा एकच बदलता येण्याजोगा घटक तिन्ही टप्प्यांत ठळकपणे दिसतो. रुग्णाशी बोलताना प्रथम त्याचाच उल्लेख व्हावयास हवा.

या आकड्यांचा अर्थ लावताना मापनपद्धती ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे. श्राव्यातीत ध्वनिचित्रणात (सोनोग्राफीत) व्यास भित्तीच्या आतील कडेपासून आतील कडेपर्यंत किंवा बाहेरील कडेपासून बाहेरील कडेपर्यंत मोजतात. एकाच वाहिनीची ही दोन मापे काही मिलिमीटरांनी भिन्न येतात. हृदयाच्या आकुंचनाच्या क्षणी व्यास किंचित मोठा असतो. वाहिनी वाकडी असल्यास तिरका छेद घेतला जातो आणि माप फुगते. सीटी स्कॅनवरील माप बहुधा अधिक येते. दोन तपासनिसांच्या मापांतील फरकही वर्षभराच्या सरासरी वाढीपेक्षा अधिक असू शकतो. म्हणून लागोपाठच्या दोन मापांवरून वाढ ठरविणे धोक्याचे. एकच पद्धत वापरून अनेक वर्षांची मापे पाहणे श्रेयस्कर.

पोकळीत साचणाऱ्या रक्ताच्या गुठळीबद्दल दोन मते आहेत. काहींच्या मते ती भित्तीवरील ताण कमी करते. इतरांच्या मते तिच्यातील श्वेत कोशिका व एंझाइमे भित्ती आणखी दुबळी करतात. जाड गुठळी असलेले विस्फार अधिक वेगाने वाढतात, या निरीक्षणाने दुसऱ्या मताला बळ मिळते.

वाढ रोखण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९४८ मध्ये शल्यचिकित्सक रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या विस्फाराभोवती सेलोफेन गुंडाळले. त्यामुळे तंतुमय ऊतक निर्माण होऊन भित्तीस आधार मिळावा, ही कल्पना होती. १९५५ मध्ये तोच विस्फार फुटून त्यांचा मृत्यू झाला. औषधांपैकी प्रोप्रॅनोलॉल, डॉक्सिसायक्लीन व पेरिंडोप्रिल यांच्या यादृच्छिक चाचण्यांत वाढ मंदावली नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती मंद असल्याचे निरीक्षण आहे. मधुमेहाचा वरवरचा संरक्षक परिणाम अंशतः या औषधाचा असावा, असा तर्क केला जातो.

पुरुषांत ५.५ सेंमी.पर्यंत शस्त्रक्रिया न करता केवळ देखरेख ठेवणे सुरक्षित असल्याचे ब्रिटन (१९९८) व अमेरिका (२००२) येथील चाचण्यांनी दाखविले. स्त्रियांसाठी साधारणतः ५ सेंमी.ची मर्यादा सुचवितात. मात्र या चाचण्यांत स्त्रिया फारच थोड्या होत्या, अमेरिकेतील चाचणीत तर जवळजवळ सर्वच पुरुष होते.